शांतवन कंपाउंडरची साक्ष

शांतवन पिराजी सातपुते या माणसाची जन्मभराची एकच अडचण होती. त्याच्या हातून पाप म्हणावं असं काही घडलंच नव्हतं.

यात कसली आलीय अडचण, असं ज्याला वाटेल त्यानं संजीवन सभा बघितलेली नाही, एवढं नक्की. कोल्हापुरातल्या त्याच्या ख्रिस्ती मंडळीत दर मे महिन्यात तीन दिवस ही सभा भरायची. चर्चच्या आवारात मांडव पडायचा, बाहेरगावचे उपदेशक यायचे, पेटी-डफावर गाणी व्हायची आणि तिसऱ्या दिवशी साक्षी असायच्या. साक्ष म्हणजे, मी आधी कसा होतो आणि प्रभूनं मला कसं बदललं, हे उभं राहून चारचौघांत सांगायचं. आता बदलल्यानंतरचं सगळ्यांचंच सारखं असतं, ते ऐकायला कोण बसतंय? माणसं येतात ती 'आधी कसा होतो' ऐकायला. मटक्यात घर घालवलेला असावा, बायकोचं डोरलं मोडून हातभट्टी प्यालेला असावा, निदान एकदा तरी रंकाळ्यात जीव द्यायला गेलेला असावा. असल्या माणसाची साक्ष झाली की मांडवभर हुंदके सुरू व्हायचे, आणि पुढच्या वर्षी त्याला उपदेशकांच्या शेजारी पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची. बाकीच्यांना सतरंजी. चहासुद्धा पहिल्या रांगेत कपबशीतून यायचा आणि सतरंजीवर पितळी पेल्यातून.

शांतवन वीस वर्षं सतरंजीवर बसला होता.

तो शनिवार पेठेतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. बाप पिराजी यानं तरुणपणी बाप्तिस्मा घेतलेला, म्हणून हा जन्मापासूनच ख्रिस्ती. मिशनच्या शाळेत शिकला, मिशनच्या दवाखान्यात औषधं बनवायला शिकला, आणि वाईट वळण लागावं एवढा मोकळा वेळ त्याला कुणी दिलाच नाही. पहाटे पाचला उठून पवित्र शास्त्राचा एक अध्याय, मग रंकाळ्याला एक फेरी, आठला दवाखाना. लाल मिक्श्चर बाटलीत भरायचं, कागदाच्या पट्टीला डोसाच्या खाचा पाडायच्या, खळ लावून ती बाटलीला चिकटवायची. पट्टी चिकटवताना ज्याचं औषध त्याचं नाव घेऊन तो मनातल्या मनात दोन शब्द प्रार्थना करायचा. पण यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे, हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातही कधी आलं नाही.

अडुसष्टच्या सभेत त्यानं पहिल्यांदा धीर केला. उठून म्हणाला की, नऊ वर्षांचा असताना मी मिशन बंगल्याच्या आवारातला एक पेरू चोरला, आणि झोप न लागल्यानं सकाळी तो परत नेऊन दिला. साक्ष पाऊण मिनिटात संपली. पाळकसाहेबांनी घड्याळात बघितलं. मागं बायका जेवणाचे कांदे चिरत होत्या, त्या चिरतच राहिल्या. त्याच्या पाठोपाठ गंगावेशीतला एक माजी पैलवान उठला आणि त्यानं पाऊण तास दारू, जुगार आणि मारामारीचा असा काही धुरळा उडवला की बायकांनी विळ्या आडव्या करून ठेवल्या. शांतवनला ते फार लागलं. देवानं आपल्याला पाप करायची सवड दिली नाही, आणि आता पाप नाही म्हणून देवाच्याच दारात आपल्याला कुणी विचारत नाही, हा कुठला न्याय?

पुढच्या वर्षी एका पेरूची पाटी झाली. सत्तर साली ती पाटी विकून आलेल्या पैशांत तो पत्ते खेळला. एकाहत्तरला पत्त्यांबरोबर विडी आली. आणि बहात्तरला, सगळ्या मुलखात प्यायला पाणी मिळत नव्हतं तेव्हा, शांतवन भरल्या मांडवात हातभट्टी प्याला. सुरुवातीला त्याची जीभ अडखळायची, घरी येऊन तो गुडघे टेकून माफीही मागायचा. पण समोर माणसं डोळे पुसताना दिसायला लागली आणि त्यानं मनाची समजूत घातली. कुणाचा तरी आत्मा वाचत असेल तर आपण एक घोट जास्त घेतला म्हणून काय बिघडलं? पुढच्या वर्षी त्याला खुर्ची मिळाली. कपबशीही मिळाली.

त्र्याहत्तरला त्यानं बायकोला मारलं. साक्षीत मारलं, पण मारलं.

बायको रिबका गडहिंग्लजकडची. ती त्या दिवशी पोरीला ताप म्हणून घरी थांबली होती. संध्याकाळी मंडळीतल्या चार बायका दारात आल्या आणि गळ्यात पडून रडायलाच लागल्या. रिबकाला आधी वाटलं कोणी गेलं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आपण बावीस वर्षं मार खातोय, आणि आपल्यालाच त्याचा पत्ता नाही. खरं सांगायचं तर त्या घरात एकदाच काय ते उलथनं उडालं होतं, आणि ते रिबकाच्या हातातून. शांतवन घरी आला तेव्हा ती उंबऱ्यात पदर खोचून उभी होती.

"मला मारलासा म्हणं तुम्ही," ती म्हणाली. "आता मारून दावा."

शांतवन बाजूनं आत शिरला आणि ताटातल्या भाकरीकडं बघत बसला. पुढं रिबकाचीच पंचाईत झाली. मार खाल्ला असं म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि नवरा खोटारडा आहे असं चारचौघांत म्हणायला तिचा धर्म आड येई. त्यामुळं महिला मंडळात छळलेल्या बायकांसाठी प्रार्थना चालायची तेव्हा सगळ्याजणी तिच्याकडं बघायच्या आणि ती दात खाऊन 'आमेन' म्हणायची.

चौऱ्याहत्तरपर्यंत साक्ष चाळीस मिनिटांवर पक्की झाली. सांगली, इस्लामपूर, जतहून बोलावणी यायला लागली. पिवळ्या कागदावर हस्तपत्रकं छापली जायची, 'एकेकाळचे अट्टल दारुडे, आज प्रभूचे सेवक'. त्यातलं एक हस्तपत्रक फिरत फिरत डॉक्टरांच्या टेबलावर आलं. दुसऱ्या दिवसापासून स्पिरिटच्या कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली डॉक्टरांच्या खिशात गेली. पंचवीस वर्षं ती किल्ली शांतवनच्या कमरेला करगोट्यासारखी असायची, असं पेठेतली माणसं चेष्टेनं म्हणत.

त्याच वर्षी सभेला गुंडू आला. गुंडू उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे भरायचा. करवीर तालुक्यातल्या शेतकरी घरातला गडी, आणि हा मात्र खराखुरा दारुडा. पोटाचं औषध न्यायला दवाखान्यात येता येता त्याची शांतवनशी ओळख झालेली. मांडवात गुळाचा चहा फुकट मिळतो एवढ्यावर तो आला, शांतवनची साक्ष ऐकली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. कुणाचा विश्वास बसेना. तेव्हापासून दर रविवारी गुंडू चर्चमध्ये यायचा आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा. बाप्तिस्मा काही त्यानं घेतला नाही. चैत्रात जोतिबाला जायचा आणि पुढच्या रविवारी कानामागं गुलाल तसाच घेऊन उपासनेला हजर. पाळकसाहेब दर वर्षीच्या अहवालात त्याला 'बंधू सातपुते यांच्या साक्षीचं फळ' असं लिहायचे. गुंडूकडं बघितलं की शांतवनलाही आपली साक्ष खरीच वाटायला लागायची.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि सत्याहत्तर साल उजाडलं. शांतवनची थोरली लेक शलोमी नर्स झाली होती. पाळकसाहेबांनी तिच्यासाठी स्थळ काढलं. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात बाळासो लोंढे म्हणून गृहस्थ होते, तिथल्या मंडळीतले मानकरी, मुलगा मास्तर. मुलगी बघून झाली, पोहे झाले, साखरपुडा झाला. जूनच्या पहिल्या रविवारी पहिली पुकार वाचायची ठरली. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचून कुणाची हरकत आहे का विचारतात, ती पुकार. शलोमीनं उशीच्या अभ्र्यांवर दोघांच्या नावाची अक्षरं भरायला घेतली होती, यावरून काय ते समजा.

आणि मेच्या सभेला बाळासोंना पाहुणे म्हणून बोलावलं. कुणाला सुचलं होतं देव जाणे.

रिबकानं नवऱ्याला बजावलं होतं की यंदा पेरूवरच थांबायचं. त्यानंही कबूल केलं होतं, मनापासून. तो उठला, त्यानं पेरू चोरला, पेरू परत नेऊन दिला. एवढ्यात पहिल्या रांगेत बाळासोंनी मोठी जांभई दिली. तिथंच घात झाला. पेटीवाल्यानं हळूच सूर धरला, सहाशे माणसं मान वर करून बघायला लागली, आणि शांतवनच्या तोंडून हातभट्टी वाहायला लागली ती चाळीस मिनिटं. बायकांच्या बाजूला शलोमी मान खाली घालून बसली होती. साक्ष संपली तेव्हा बाळासो ढसाढसा रडत पुढं आले आणि त्यांनी होणाऱ्या व्याह्याला सगळ्यांदेखत कवटाळलं.

आठवड्यानं त्यांचं आंतर्देशीय पत्र आलं. तुमच्यावर झालेली प्रभूची कृपा थोर आहे, तुमची साक्ष ऐकून आम्ही धन्य झालो, सोयरिकीचं मात्र प्रार्थनेत ठेवलं आहे, तूर्त पुकार वाचू नये. 'प्रार्थनेत ठेवलं आहे' याचा अर्थ मंडळीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. देवानं तुम्हाला माफ केलं, फार चांगलं केलं, पण देवाला काय, त्याला कुठं तुमच्या घरची मुलगी करायची आहे?

शलोमीनं पत्र वाचलं, घडी घालून बापासमोर ठेवलं.

"आबा, तुम्ही कधी प्यालात?" तिनं विचारलं.

"नाही गं."

"मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

मग ती आत गेली आणि अर्धवट भरलेल्या अभ्र्यावरचे टाके उसवत बसली. शांतवनला ते दारातून दिसत होतं. इतकी वर्षं त्यानं स्वतःच्या पापांवर लोकांना रडवलं होतं, आणि त्याला स्वतःला रडू आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

तो तडक पाळकसाहेबांकडं गेला आणि सगळं खोटं होतं म्हणून सांगून मोकळा झाला. पाळकसाहेब छताकडं बघत बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सहा वर्षांचे अहवाल असावेत. मग त्यांनी मंडळीच्या अब्रूचं सांगून बघितलं, आणि ते लागू पडेना तेव्हा गुंडूचं नाव काढलं. तो तुमच्या साक्षीवर तीन वर्षं उभा आहे, तीच खोटी म्हटल्यावर त्यानं परत बाटली धरली तर ते कुणाच्या माथी? गुंडूला आधी आपणच सांगायचं, एवढं शांतवननं ठरवलं.

संध्याकाळी फौंड्री सुटायच्या वेळेला तो उद्यमनगरात गेला. फाटकाजवळच्या चहाच्या गाड्यावर दोघं बसले. गुंडूच्या हातांवर कोपरापर्यंत साच्याची काळी वाळू होती. शांतवननं एका दमात सगळं सांगून टाकलं आणि खाली बघत बसला. गुंडूनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"ठावं हाय की," तो म्हणाला. "त्याच दिशी वळीकलं. हातभट्टी उसाच्या रसावानी ग्वाड लागती म्हनला तुम्ही. पेनारा मानूस असं म्हनंल व्हय?"

"मग तू सोडलीस कशी?"

"म्हनलं, ह्या मानसानं जल्मात थेंब घेतला न्हाय, आन माझ्यासारख्या गटारीतल्या गड्यासाठनं सोताला गटारीत लोळवाय लागलाय, चारशे मानसांफुडं. माझ्या बानं बी माझ्यासाठनं एवढं केलं नसतं. लाज वाटली मला. सोडली."

इथंच शांतवननं म्हणायला पाहिजे होतं की बाबा रे, तुझ्यासाठी नव्हतं ते. पण गुंडू फार विश्वासानं बघत होता. शांतवननं चहाचे पैसे दिले आणि तो परतला.

पाळकसाहेबांना त्यानं हे सांगितलं मात्र, ते खुर्चीतून उठलेच. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घेणं, अहो, यापेक्षा मोठी साक्ष ती कोणती? रविवारी उपासनेत नेमकं हेच सांगा, मी बाळासोंना निरोप धाडतो. आणि खरंच, सगळं कसं चपखल बसत होतं. लेकीचं लग्न होत होतं, गुंडूची दारू सुटलेलीच राहत होती, मंडळीची अब्रू वाचत होती, आणि शांतवन अट्टल दारुड्याचा एकदम संत होत होता. त्यानं फक्त मान हलवायची. रिबकाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"दारुडं हुतासा तवर सोसलं," ती म्हणाली. "आता तारणारा हुनार म्हना की."

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. बाळासो मुलाला घेऊन आले होते आणि पहिल्या बाकावर बसले होते. पाळकसाहेबांनी प्रस्तावनाच अशी बांधली की साक्ष कशी असणार हे सगळ्यांना आधीच कळावं. शांतवन पुढं जाऊन उभा राहिला. शेवटच्या बाकावरून गुंडू त्याला मान हलवून धीर देत होता. शलोमी त्याच्याकडं बघत नव्हती. एक मान हलवायची होती फक्त.

"मी दारू प्यालो नाही," तो म्हणाला. "बायकोला मारलं नाही, तेवढी माझी छाती नाही. आणि जे बोललो ते कुणासाठी बोललो नाही. गुंडूसाठी नाही, प्रभूसाठीही नाही. मला पहिल्या रांगेतली खुर्ची पाहिजे होती."

एवढं बोलून तो जागेवर येऊन बसला. कुणी हालेलुया म्हटलं नाही. पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकात नसलेलं पान शोधत राहिले. आता मंडळी आपल्याला काय म्हणेल, बाहेर काढेल का, लेकीचं काय होईल, या विचारानं शांतवननं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात बाळासो उठून उभे राहिले.

"म्हणजे दारू खरंच नाही?" त्यांनी विचारलं.

"थेंब नाही."

"मग मिटलं. खोटं काय, थोडंफार आपण सगळेच बोलतो. पाळकसाहेब, पुकार वाचून टाका."

आणि पाळकसाहेबांनी पुकार वाचली. कुणाची हरकत आहे का विचारलं, कुणाची नव्हती. सगळ्या चर्चनं सुटकेचा श्वास टाकला. लग्न जूनमध्येच की दिवाळीनंतर, यावर बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. शलोमीनं पदराच्या टोकानं डोळे टिपले आणि पहिल्यांदाच बापाकडं बघितलं. शांतवनच्या छातीवरचा धोंडा उतरला खरा, पण त्याला मनातून कसंसंच झालं. बावन्न वर्षांत त्याला स्वतःचं असं एकच पाप सापडलं होतं, ते त्यानं जीव मुठीत धरून सगळ्यांपुढं काढलं, आणि लोकांनी माशी हाकलावी तसं ते हाकलून दिलं.

मग त्यानं मागं बघितलं. शेवटचा बाक रिकामा होता.

उपासना संपायची वाट न बघता तो बाहेर आला. गुंडू पायरीवर बसला होता, एक चप्पल पायात, एक हातात. शांतवन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"खुर्चीपायी?" गुंडूनं विचारलं.

"होय."

गुंडूनं हातातली चप्पल खाली ठेवली, परत उचलली. रागावला असता तर शांतवनला बरं वाटलं असतं.

"मी तुमच्यापायी सोडलीती," तो म्हणाला. "आता कुनापायी सोडू, सांगा."

शांतवनच्या ओठावर प्रभूचं नाव आलं होतं, पण ते आज आपल्या तोंडून निघालं तर गुंडूला तीही साक्षच वाटेल, असं त्याला वाटलं. आत शेवटचं गीत संपलं. बाळासो मोठ्यानं विचारत होते, व्याही कुठं गेले? पाहुण्यांसाठी घरी मटण शिजलं होतं, रिबकानं तीनदा हाक मारली. शांतवन गुंडूच्या शेजारी पायरीवर बसला. माणसं दोघांना वळसा घालून उतरायला लागली, कुणी हसून, कुणी बघून न बघितल्यासारखं करून. पुढं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. गुंडू उठेपर्यंत आपण उठायचं नाही, एवढं मात्र त्याला कळत होतं.